लखमीचंदचं कुलूप अन् भंवरीबाईचं ताट

लखमीचंद कापडवाल्याच्या दुकानाचं शटर खाली आलं, की समोर मुन्नाच्या चहाटपरीवरच्या बाकावर पैज लागायची. पैज एवढीच, की आज लखमीचंद कुलूप किती वेळा ओढून पाहणार. कुणी नऊ म्हणायचं, कुणी अकरा. हरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मी काळीपिवळी जीप चालवणं सोडलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या बाकाचं डावं टोक माझं. आणि खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत मला चहा पाजावा लागला तो फार तर चार-पाच वेळा. कारण मला एक गोम ठाऊक होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून-खेळून बोलला असेल, तर आकडा लहान. गल्ल्यावर गालाला हात लावून बसला असेल, तर आकडा मोठा. शेलूबाजारात ही गोम दुसऱ्या कुणाला कळली नाही, आणि मीही सांगितली नाही.

शटरला खाली दोन कुलपं. दोन्ही पितळी, दाबलं की कट्‌ आवाज करून लागणारी. लखमीचंद वाकायचा, डावं दाबायचा, ओढायचा, पुन्हा ओढायचा. मग उजवं. मग पुन्हा डावं, कारण उजवं ओढताना डाव्याचं काय झालं असेल, सांगता येतं का? मग उभा राहून हात झटकायचा, चार पावलं जायचा आणि वळायचा. मारोतीच्या देवळापर्यंत पोचला की हमखास उलटा फिरायचा. परत आल्यावर रस्त्याच्या त्या कडेनं माझ्या नावानं हाक.

"उकंड्या, लागलं ना बे?"

"लागलं."

"दोनी?"

"दोनी लागले लख्या. जाय आता घरी."

"तू सोता पाह्यलं का पण?"

"पाह्यलं ना बाप्पा! आता काय ग्रामपंचायतीचा दाखला आणून देऊ?"

मग तो जायचा. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला परत देवळापाशी उभा. मुन्ना गाळणी झटकत म्हणायचा, "आला उकंडदादा, आला! पाजा चहा."

आम्ही दोघं एकाच शाळेचे. एका बाकावर बसलेलो. त्यामुळे तो मला उकंड्या म्हणतो आणि मी त्याला लख्या. बाकी बाजार त्याला शेठजी म्हणतो. माणूस सोन्यासारखा. लुगड्याला हात लावायच्या आधी बाईला कोणता रंग हवाय ते ओळखणारा. कुणाच्या घरी कितव्या लेकीचं लग्न निघालं, कुणाच्या नवरदेवाला आखूड बाह्या लागतात, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकानं पन्नास साड्या उलगडून एकही घेतली नाही तरी कपाळावर आठी नाही. घड्या घालत म्हणणार, "पाहाले काय जाते माय, ये पुन्हा." असा माणूस. पण शटर खाली आलं की वेगळाच कुणी.

ही सवय कुठून लागली, याच्या बाजारात चार कहाण्या आहेत आणि त्यातल्या दोन माझ्या आहेत. कुणी म्हणतं, बापानं मरताना किल्ल्या हातात दिल्या आणि "सांभाळ" एवढाच शब्द बोलला, तो शब्द डोक्यात बसला. कुणी म्हणतं, करोनाच्या बंदीत महिना-दीड महिना दुकानाचं तोंड पाहायला मिळालं नाही, तेव्हापासून. मला विचाराल तर हा शाळेतही पाटी पुसून झाली की तीनदा पुसायचा. मात्र एक गोष्ट पक्की. त्याच्या दुकानात आजवर कधीही चोरी झालेली नाही. सुईसुद्धा गेलेली नाही.

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, आम्ही नेली. पण घरी भंवरीबाईला हसू येत नव्हतं.

तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न अमरावतीला होतं. भाडं मारणं सोडलं तरी जीप अजून माझ्याच दारात होती, म्हणून मला सगळं डोळ्यांनी दिसलं. आम्ही कारंजा ओलांडून धनजला पोचलो, तसा लखमीचंद मागच्या सीटवर चुळबुळायला लागला.

"उकंड्या, गाडी वळव."

"काहून?"

"डावं कुलूप. आवाज आला नाही त्याचा."

"लख्या, पन्नास किलोमीटर आलो ना बे आपण!"

"म्हणूनच तं म्हणतो, आणखी पुढं जायच्या आत वळव."

भंवरीबाई खिडकीतून बाहेर पाहत होती. नवी कोरी बांधणी नेसलेली, मांडीवर आरतीचं ताट रुमालात बांधलेलं. मी गाडी वळवली. शेलूला आलो, त्यानं कुलूप सात वेळा ओढलं, ते लागलेलंच होतं. पुन्हा अमरावतीला निघालो. पोचलो तेव्हा नवरी सासरी जायला गाडीत बसत होती. आत्याच्या हातानं व्हायची आरती दुसऱ्याच बाईच्या हातानं होऊन गेली होती. परतीच्या वाटेवर भंवरीबाईनं तो रुमाल सोडला नाही. ताट जसं बांधून नेलं, तसंच बांधलेलं घरी आलं.

आता मागच्या वर्षीच्या चातुर्मासाची गोष्ट.

जैनांच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवण उरकतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. चातुर्मासात तर हा नेम फार कडक. दिवस मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. लखमीचंदच्या स्वयंपाकघरात सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता भिंतीला लावलेला असतो. पण कुलपाच्या पायी नवरा घरी पोचेपर्यंत सूर्य डोंगराआड जायचा आणि माणूस उपाशी झोपायचा. भंवरीबाईनं वर्षानुवर्षं समजावलं, रागावली, अबोला धरला. काही झालं नाही. मग आषाढात साध्वीजी आल्या, बायका नेम घेऊ लागल्या. कुणी गोड सोडलं, कुणी हिरवी भाजी सोडली. भंवरीबाई हात जोडून म्हणाली, "चार महिने, हे जेवल्याबिगर मी सांजचं जेवणार नाही."

तिला वाटलं, हा तरी पेच नवऱ्याला घरी ओढून आणेल. तो स्वतः उपाशी राहील, पण मला कसा उपाशी ठेवेल? आता सांगा, अशी चूक दुसरं कोण करेल? नेम असा घेतला, की मोडता तिला येत नव्हता आणि पाळणं मात्र नवऱ्याच्या हातात!

पहिले पंधरा दिवस बरे गेले. आषाढातला सूर्य, सात वाजून गेले तरी आभाळात टेकून बसलेला. लखमीचंद साडेपाचला शटर ओढायचा, तासभर कुलपाशी झटापट केली तरी वेळ उरायचा. पण सूर्य काही त्याच्यासाठी थांबणारा नव्हता. श्रावणात थोडा अलीकडे सरकला, भादव्यात आणखी. तक्त्यावर रोज एखादं मिनिट कमी. त्यानं शटर पाच वाजता ओढायला सुरुवात केली, तर झटापटही वाढली. घाई आहे म्हटलं की शंका आणखी माजते, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. भादव्यात भंवरीबाई नऊ संध्याकाळी उपाशी राहिली. वरून तिला शुगर. सांजची गोळी रिकाम्या पोटी.

लखमीचंदला हे दिसत नव्हतं, असं समजू नका. तो रडायचा. एकदा टपरीमागं उभा राहून माझ्यासमोर रडला. "उकंड्या, ती तठी ताटापाशी बसून राह्यते, अन् मी अठी कुलूप ओढून राह्यलो. मले समजते बे. पण हात नाही सुटत."

मग त्यानं एक डाव खेळला. दसऱ्याच्या दोन दिवस आधी. उशीर होणार असं दिसलं, तसा त्यानं दुकानातून घरी फोन केला. म्हणाला, "मी दुकानातच खाकरा-चहा खाऊन घेतला, पोट भरलं माझं. तू जेव." ती आनंदानं जेवली. इकडं शेठजीच्या पोटात सकाळपासून दाणा नव्हता.

इथं मी माझं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंवरीबाई जैन स्थानकात साध्वीजींच्या प्रवचनाला निघालेली. आमच्या बाकासमोरून जाणारी बाई आणि मी काही बोललो नाही, असं कधी झालंय? मी म्हटलं, "भाभी, काल तं तुमच्या शेठजीनं चौदा केले! कोरड्या तोंडानं गेला बिचारा. दिवसभरात खाकऱ्याचा तुकडा नाही खाल्ला."

ती थांबली. "काल दुकानात खाल्लं नव्हतं त्याईनं?"

"कुठचं खाणं भाभी!"

तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. तशीच पुढं गेली. मला वाटलं, चला, संध्याकाळी लख्याची बरी कानउघाडणी होते. माझी अक्कल तेवढीच. तिचा नेम नकळत मोडला होता. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिनं त्याच दिवशी उपास धरला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. आणि शुगरची गोळी मात्र सवयीनं घेतली. दुपारी दोनच्या सुमाराला पाण्याच्या माठापाशी ती खाली कोसळली. शेजारच्या वच्छलाबाईनं पाहिलं अन् हाका मारून माणसं गोळा केली म्हणून. नाहीतर काय झालं असतं, ते बोलायला नको.

दोन दिवस दवाखान्यात. लखमीचंद तिच्या उशाशी होता. तिसऱ्या दिवशी घरी आणली, तेव्हा मीही तोंड लपवत मागं उभा होतो. भंवरीबाई पलंगावर बसली आणि अगदी शांत आवाजात बोलली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"श्रेयांसशी बोलणं झालं माझं. कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येईन. नेम पुनवेपर्यंत आहे, तोवर मी अठीच. मंग मी पुण्याले चालली. पोरगा अन् सून जिनल दोघंही कवाचे बोलवून राह्यले. तुमी अन् तुमचं कुलूप राहा सुखानं."

"भंवरी, कितीक दिवसांसाठी?"

"परत यायसाठी नाही जात मी."

लखमीचंदनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्या दारात उभा. "उकंड्या, अकोल्याले न्यायचं मले. मनाच्या डॉक्टरकडं. कोणाले सांगू नको." कोणाला सांगू नको, हे मला! पण त्या दिवशी मी खरंच कुणाला सांगितलं नाही. भंवरीबाई कोसळली ती माझ्या जिभेनं, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. तो एका शब्दानं बोलला नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं, आणि एकदाही हसल्या नाहीत. मला तेच नवल वाटलं. म्हणाल्या, हा वेडेपणा नाही, आजार आहे, आणि पुष्कळांना असतो. एक गोळी दिली. मग म्हणाल्या, "कुलूप पहिल्या आठवड्यात पाचदा ओढायचं. मग तीनदा. मग प्रत्येकी एकदाच. त्यानंतर सरळ घरी. जीव घाबरेल, घाम येईल, वाटेल आता सगळं गेलं. येऊ द्या. थोड्या वेळानं ते आपोआप उतरतं. तुम्ही आजवर ते उतरायच्या आधीच परत फिरलात."

मग माझ्याकडे वळल्या. "हे तुम्हाला विचारतात, लागलं का म्हणून?"

"हाव. रोज."

"आणि तुम्ही सांगता?"

"सांगतो ना! इचारलं तं सांगावं लागते."

"तुम्ही 'लागलं' म्हणता तेव्हा यांना दोन मिनिटं बरं वाटतं. मग शंकेला पुन्हा भूक लागते. तुम्ही सगळे मिळून त्या शंकेला घास भरवताय. यापुढे कुणीच उत्तर द्यायचं नाही. 'लागलं'ही नाही, 'उघडं'ही नाही, काहीच नाही. जमेल?"

लखमीचंद पहिल्यांदा हसला. "डॉक्टरसाहेब, मी कुलूप सोडीन एखाद्या टायमाले. पण ह्यानं तोंड बंद ठेवायचं म्हणजे लय कठीण काम सांगून राह्यले तुमी."

बाकावर बैठक बसली. मुन्नाला, मला आणि दोन-तीन नेहमीच्या टाळक्यांना नेम लागू झाला. पैज बंद, उत्तर बंद. तुम्हाला सोपं वाटेल. बाबांनो, समोर जिवाभावाचा माणूस उभा आहे, त्याच्या कपाळावर घाम आहे, "उकंड्या, एकदाच सांग ना बे," म्हणून हात जोडतोय, आणि सांगायचा शब्द आपल्या दातांच्या मागंच आहे. मी उत्तर न देता तोंडात सुपारी कोंबायचो. मुन्ना चहाच्या भांड्यात तोंड घालून खडखड आवाज करायचा. एकदा लखमीचंदनं रस्त्यातूनच मला शिव्या घातल्या. "शाळेत माह्या पाटीवरून उतरवून पास झाला तू, अन् आज एक शब्द देत नाही मले?" मी म्हटलं, "आभाळ पाह्य लख्या, किती लाल झालं." तो थुंकला आणि गेला. देवळापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्या संध्याकाळी दोघंही उपाशी राहिले.

पण हळूहळू आकडा उतरला. पाच. मग चार, मग पुन्हा एकदम आठ. त्या दिवशी मुन्नानं दुःखानं टपरीच लवकर बंद केली. मग तीन. भंवरीबाई हे सगळं पाहत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण दाराजवळ तिची बॅग भरून ठेवलेली होती. लखमीचंद म्हणाला, रोज घरात शिरताना पहिलं त्या बॅगेवरच पाय अडखळतो.

पुनवेला पाच-सहा दिवस उरले होते. दिवाळी होऊन लग्नसराई तोंडावर आली होती. त्या दुपारी जऊळक्याचा जगदेव पाटील पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला. बस्ता म्हणजे सगळ्या गोताचं कापड एकदम. बाया, पोरं, मामा, मावशी, दहा-बारा माणसं दुकानात. तुळसाबाई म्हणून त्याची म्हातारी आई होती, तिला एकही लुगडं पसंत पडेना. साड्यांचा डोंगर झाला. पाच वाजले. लखमीचंद घड्याळाकडे पाहायला लागला. शेवटी गठ्ठे लाल चिंध्यांनी बांधून जीपमध्ये चढवले, तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं. सूर्यास्त पावणेसहाला. घर दहा मिनिटांवर.

शटर खाली आलं. तो वाकला. डावं दाबलं, ओढलं. उजवं दाबलं, ओढलं. एकदा, एकदा. उठून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी तोंडात टाकली.

तो निघाला. मारोतीच्या देवळापाशी पोचला आणि थांबला. वळला. दहा-बारा पावलं परत आला. मुन्ना म्हणाला, "गेलं. आजचा दिवस गेला." लखमीचंद रस्त्याच्या मधोमध उभा होता. बाजूनं जीप हॉर्न देत गेली, तरी हलला नाही. हाताच्या मुठी वळत होता, उघडत होता. ऊन देवळाच्या कळसावर उरलं होतं, खाली सावली आली होती. त्यानं कळसाकडे पाहिलं. मग एकदम, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा वळला आणि घराकडे चालायला लागला. चालला कसला, धावलाच! अडुसष्ट वर्षांचा माणूस, धोतर सावरत.

मुन्नानं टाळी वाजवली. आणि मी सहज, अगदी सहज शटरकडे पाहिलं.

डाव्या कुलपाला खाली काहीतरी लाल लोंबत होतं.

मी रस्ता ओलांडून गेलो. गठ्ठा बांधायची चिंधी. कुलूप दाबताना तिचं टोक कडीच्या खाचेत अडकलं होतं. चिंधीमुळे कडी घट्ट बसली होती, ओढलं तर हलत नव्हती. पण लागली मात्र नव्हती. मी थोडी पिरगाळली, आणि कुलूप माझ्या हातात उघडं.

इतक्या वर्षांत हजारो वेळा ओढून पाहिलं तेव्हा कुलूप लागलेलं. आणि ज्या दिवशी एकदाच ओढून धावत घरी गेला, त्या दिवशी उघडं!

"उकंडदादा, फोन लावू का शेठजीले?" मुन्ना मागं येऊन उभा होता.

"लावून पाह्य, हात मोडतो तुह्या."

मी चिंधी काढली, खिशात घातली. कुलूप दाबलं. कट्‌. आवाज बाजाराच्या पार टोकापर्यंत गेला असं मला वाटलं. मग मला राहवेना. मी त्याच्या घराकडे निघालो. सूर्य अजून होता, थोडा.

दार उघडं होतं. लखमीचंद पाटावर बसलेला, पुढं ताट. भाकरी, मुगाची डाळ, एक पापड. घास हातातच राहिलेला, अंगातला सदरा घामानं ओला. समोर भंवरीबाई, तिच्यापुढं दुसरं ताट, रिकामं. तिची नजर त्याच्या हातावर. मी दारात उभा राहिलो तसं दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

लखमीचंदचे ओठ हलले. "उकंड्या..."

भंवरीबाईनं मान वर केली. ती माझ्याकडे अशी पाहत होती, की बस. मागं एकदा याच तोंडानं तिला माठापाशी पाडलं होतं.

खिशातली चिंधी मला निखाऱ्यासारखी भाजत होती. मी म्हटलं, "थोडी साखर पाह्यजे होती भाभी. मुन्नाकडची सरली."

शुगरच्या घरी साखर मागायला गेलेला गाढव! भंवरीबाईच्या ओठांचा कोपरा हलला. लखमीचंदनं माझ्याकडे आणखी एक क्षण पाहिलं. प्रश्न त्याच्या तोंडात होता, मला स्पष्ट दिसत होता. त्यानं त्या प्रश्नावरच घास ठेवला आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा. भंवरीबाईनं आपल्या ताटात भाकरी घेतली. खिडकीतून पिवळं ऊन तिच्या ताटाच्या काठावर होतं. मी साखर न घेताच परत आलो.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी श्रेयांस गाडी घेऊन आला. चातुर्मास सुटला म्हणून घरात गोडाचं होतं, मलाही बोलावणं होतं. श्रेयांसनं दाराजवळची बॅग उचलली.

"मम्मी, ठेवू गाडीत?"

भंवरीबाई पुऱ्या लाटत होती. वर न पाहता म्हणाली, "आत ठेव. त्यात थंडीच्या शाली आहेत, आता लागतीन. पुण्याले मंग येऊ. आमी दोघं, आठ दिवसांसाठी."

लखमीचंदनं लहान पोरासारखं तोंड लपवलं. मग त्याला चेव आला. मला म्हणाला, "पाह्य उकंड्या! आठवडा झाला, एकेकदा ओढून येतो घरी. अन् आठवड्याभरात एक दिवस तरी कुलूप उघडं राह्यलं का? एक दिवस?"

मी काय करणार होतो? जन्मभर जीभ सैल सोडलेला माणूस. पाच-सहा दिवस दातांखाली धरलेलं.

"राह्यलं होतं."

लाटणं थांबलं. श्रेयांस माझ्याकडे पाहायला लागला. भंवरीबाईच्या डोळ्यांत तर मला गिळायची तयारी. आता माघार नव्हती. मी खिशातून लाल चिंधी काढून लखमीचंदच्या पाटावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जगदेवचा बस्ता, अडकलेली कडी, उघडं डावं कुलूप, मी दाबलं ते.

लखमीचंद चिंधीकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं चिंधी उचलली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता उठतो आणि बाजाराकडे धावतो. गेला महिना पाण्यात. माझ्या जिभेनं दुसऱ्यांदा घात केला.

तो म्हणाला, "मले रस्त्यात तसंच वाटलं होतं. आवाज नाही आला असं. पण रोजच वाटते तसं."

त्यानं चिंधी मुठीत घेतली.

"उकंड्या, म्हणजे त्या दिवशी तू साखर मांगाले आला तवाच कुलूप उघडं..."

"तवा मी लावून आलतो."

"ते नाही इचारत." त्यानं मान हलवली. "त्या दिवशी भंवरी जेवली होती ना?"

"माह्या समोर. ऊन असताना."

"मंग झालं," लखमीचंद म्हणाला, आणि पुरीसाठी ताट पुढं केलं.

आता कुणी विचाराल, बरा झाला का? नाही, पूर्ण नाही. अकोल्याच्या चकरा सुरू आहेत. बस्त्याची गर्दी असली की आजही चार-पाचदा ओढतो. हिवाळ्यात सूर्य पावणेसहालाच जातो, दोन-चार संध्याकाळी हुकल्याही. पण आता भंवरीबाईवर तो नेम नाही, ती आपली वेळेवर जेवून घेते आणि त्याचं ताट झाकून न ठेवता सरळ उचलून ठेवते. तेवढ्या भीतीनंच शेठजी धावत येतो.

आणि ती लाल चिंधी त्यानं मला परत दिली नाही. गल्ल्याच्या आतल्या बाजूला बांधून ठेवली आहे. मुन्ना म्हणतो, दुकानाला नजर लागू नये म्हणून. मुन्नाला काही कळत नाही.